चांद बघा, भरती ओळखा, मग होडीत बसा
बीडहून मुरूड-जंजिऱ्याच्या सहलीचे नियोजन आपले आपण कसे करावे

आपला बीड जिल्हा समुद्रापासून फार आत आहे. इथे पाणी म्हटले की बिंदुसरा, सिंदफणा, माजलगावचे धरण, उत्तर सीमेवरची गोदावरी आणि उन्हाळ्यात दाराशी येणारा टँकर आठवतो. ऊसतोडीला गेलेली आपली माणसे सहा-सहा महिने घराबाहेर असतात, ट्रॅक्टरमागे शेकडो किलोमीटर फिरतात, पण त्यांतल्या बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नसतो. घरातल्या दादी-नानींचे तर विचारायलाच नको. उमराहला गेलेल्यांनी तो विमानाच्या खिडकीतून पाहिला असेल तेवढाच.

म्हणूनच दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत मुलांनी "समुद्र दाखवा" असा हट्ट धरला की घरातले वडीलधारे गोंधळतात. समुद्र पाहण्यासाठी जावे की नाही, गेलो तर कुठे, बायका-मुलांना होडीत बसवावे का, नमाजचे काय, खर्च किती? ट्रॅव्हल कंपनीला पैसे दिले की हे सगळे प्रश्न सुटतात असे वाटते. पण तिथे वेळापत्रक त्यांचे असते, जेवण त्यांचे असते आणि नमाजसाठी गाडी थांबवायची तर विनवण्या कराव्या लागतात. दोन-तीन घरांनी मिळून आपली सहल आपणच ठरवली तर ती स्वस्त पडते आणि सोयीचीही होते. अट एकच, तयारी घरूनच व्हायला हवी.

कुरआनात जमिनीवर फिरून पाहण्याची, पूर्वीच्या लोकांचे काय झाले याचा विचार करण्याची ताकीद अनेक ठिकाणी आली आहे. त्या नजरेने पाहिले तर आपल्यासाठी मुरूड-जंजिऱ्यासारखी दुसरी जागा नाही. समुद्रातले बेट, त्यावर किल्ला, आणि त्या किल्ल्याशी आपल्या बीडचे जुने नाते.

नाते निजामशाहीचे

बीड शहराबाहेरची खजाना बावडी आपण सर्वांनी पाहिली आहे. निजामशाहीच्या काळात, १५८३ च्या सुमारास, सलाबत खानने ती बांधवून घेतली. दुष्काळातही तिचे पाणी हटत नाही, हा आपला अभिमान. अहमदनगरच्या ज्या निजामशाहीत तेव्हा बीड होते, तिच्याच ताब्यात कोकण किनाऱ्यावरचे दंडा-राजपुरी होते. तिथल्या खडकाळ बेटावर आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. सोळाव्या शतकात निजामशाहीने तो जिंकून दगडी किल्ला उभारला आणि पुढे तिथला कारभार सिद्दी सरदारांकडे गेला. 'जंजिरा' हा शब्दच अरबी 'जझीरा'वरून आला. अर्थ, बेट.

सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून, मुख्यतः हबशी मुलखातून इकडे आलेले लोक. त्यांतले अनेक गुलाम म्हणून विकले गेले होते. मलिक अंबर त्यांच्यापैकीच. गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने जमीन महसुलाची घडी बसवली, १६१० मध्ये खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर वसवले आणि तिथे नहरीने पाणी आणले. १६२६ मध्ये त्याचा इंतकाल झाला, कबर खुलताबादला आहे. माणसाचा रंग आणि जन्म त्याची उंची ठरवत नाही हे मुलांना सांगायला याहून चांगले उदाहरण आपल्या मराठवाड्यात सापडणार नाही.

जंजिऱ्याचे सिद्दी पुढे विजापूरच्या आदिलशाहीकडे आणि मग मोगलांकडे गेले. छत्रपती शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेण्याचे अनेक प्रयत्न केले आणि त्याच्यावर वचक ठेवण्यासाठी समोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. छत्रपती संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली होती. किल्ला तरीही अजिंक्य राहिला. हा इतिहास मुलांना सांगताना एक गोष्ट आवर्जून सांगावी. १६७९ मध्ये खांदेरी बेटापाशी सिद्दींच्या आरमाराशी लढणाऱ्या मराठी आरमाराचा एक प्रमुख सेनानी दौलतखान होता. दोन्ही बाजूंना मुसलमान होते. लढाई सत्तेची आणि समुद्राच्या मालकीची होती, हे मुलांना लहानपणीच कळलेले बरे.

सिद्दींचे हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. जंजिऱ्याच्या नाजली बेगम यांनी १९०८ मध्ये नवाब सिद्दी अहमद खान यांच्यासोबत युरोपचा प्रवास केला आणि त्यावर 'सैर-ए-युरोप' हे उर्दू पुस्तक लिहिले. प्रवास करणे आणि त्याबद्दल लिहिणे हे आपल्या घरातल्या स्त्रियांना नवे नाही, हे आपल्या मुलींना कळू द्या.

प्रवास किती, मुक्काम किती

बीडहून अहिल्यानगर, पुणे, तिथून मुळशीवरून ताम्हिणी घाट उतरून माणगाव आणि पुढे मुरूड, असा हा रस्ता सुमारे चारशे किलोमीटरचा आहे. माणगावहून म्हसळामार्गे दिघीला जाऊन तिथून गाडीसकट जंगल जेटीच्या फेरीबोटीने आगरदांड्याला उतरण्याचीही सोय आहे. आगरदांड्याहून राजपुरी जवळ आहे. मुलांना गाडी बोटीत चढताना पाहण्याची गंमत मिळते आणि खाडीचा पहिला अनुभव मोठ्या, स्थिर बोटीतून येतो. भित्र्या माणसांसाठी ही चांगली सुरुवात आहे.

होडीची सहल एका दिवसाची असली तरी आपल्यासाठी तिला दोन रात्रींचा मुक्काम लागतो. पहिला दिवस जाण्याचा, दुसरा समुद्राचा, तिसरा परतीचा. एक रात्र वाचवण्यासाठी रात्रभर गाडी चालवायची आणि पहाटे ताम्हिणी घाट उतरायचा, हा विचार करूच नये. झोपाळलेला ड्रायव्हर आणि घाटातली वळणे यांपेक्षा मुक्कामाचे भाडे स्वस्त आहे.

खर्चाचे चार भाग करा: गाडी, मुक्काम, जेवण आणि होडी. सगळ्यांत मोठा गाडीचा असतो, सगळ्यांत लहान होडीचा. गाडीचा खर्च माणसे वाढली की वाटला जातो, म्हणून दोन-तीन घरे एकत्र गेलेली बरी. मुक्कामाचे भाडे शनिवार-रविवारी चढते, मंगळवार-बुधवारी उतरते. प्रत्येक घराने ठरलेली रक्कम निघण्याआधीच एकाकडे जमा करावी आणि हिशेब वहीत लिहावा. परतल्यावर पैशांवरून मन कडू होण्यापेक्षा हे चांगले.

तारीख चांदवरून ठरवा

आपल्याकडच्या धरणाचे पाणी आज जिथे आहे तिथेच उद्या असते. समुद्राचे तसे नाही. तो दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. भरती संपून ओहोटी पूर्ण व्हायला साधारण सहा तास लागतात आणि दररोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त, सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. हे सगळे चंद्राच्या ओढीने घडते. आणि चांदची तारीख तर आपल्या प्रत्येक घरातल्या कॅलेंडरवर असते!

कोकणातले कोळी तिथीला तीनने गुणून चारने भागतात. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. आपण इथल्या चांदच्या तारखेत एक मिळवला की साधारण तिथी येते. बेरीज पंधरापेक्षा जास्त झाली तर त्यातून पंधरा वजा करायचे. समजा, चांदची १० तारीख आहे. एक मिळवून ११, गुणिले ३ म्हणजे ३३, भागिले ४ म्हणजे सव्वाआठ. त्या दिवशी सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती पूर्ण होईल आणि दुपारी दोन-सव्वादोनला पूर्ण ओहोटी असेल. चांदची २२ असेल तर एक मिळवून २३, वजा १५ म्हणजे ८, गुणिले ३ भागिले ४ म्हणजे ६. भरती सकाळी सहाला, ओहोटी दुपारी बाराला. हिशेब तासभर इकडे-तिकडे होऊ शकतो, म्हणून शेवटी धक्क्यावरच्या माणसाला विचारायचेच. पण घरी बसून दिवस निवडायला एवढे पुरते.

पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या आसपास, म्हणजे चांदच्या १३ ते १६ आणि २८ ते २ तारखांना, भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते. या दिवसांत पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते. सकाळी चढत्या पाण्यात होडी किल्ल्याच्या पायऱ्यांना नीट लागते, वृद्धांना उतरणे सोपे जाते. पूर्ण ओहोटीला पायऱ्यांवरचे शेवाळ उघडे पडते आणि पाय घसरतो. मात्र हेही लक्षात ठेवा, याच दिवसांत पाण्याची ओढही जोरदार असते. होडीसाठी सोयीचा दिवस पाण्यात उतरण्यासाठी सोयीचा असतो असे नाही.

महिना निवडायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत चांगला. मार्च-एप्रिलमध्ये किल्ल्याचे दगड तापतात. पावसाळ्यात, साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, होड्या बंद असतात. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर कोणत्याही महिन्यात होडीचा विचार सोडून द्यावा. रविवारी गर्दी फार होते. शुक्रवारी जुम्म्याच्या वेळेत होड्या थांबवण्याचा तिथे प्रघात आहे, त्यामुळे शुक्रवारी गेलात तर सकाळीच आटपा.

अमीर कोण?

तिघे जण प्रवासाला निघाले तर त्यांनी आपल्यातल्या एकाला अमीर करावे, अशी पैगंबर (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. आपण ती जमातीत गेलो की पाळतो, सहलीला निघालो की विसरतो. सहलीत मग प्रत्येक जण आपापला अमीर असतो. कोणी सेल्फीसाठी तटावर चढतो, कोणी मुलांना घेऊन पाण्यात उतरतो, कोणी "काही होत नाही" म्हणतो.

१ फेब्रुवारी २०१६ चा दिवस विसरता येत नाही. पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी सहलीसाठी याच मुरूडला गेले होते. किनाऱ्यावर पाण्यात उतरलेले १४ जण बुडाले. त्यांत मुली जास्त होत्या आणि अनेक जण आपल्यासारख्याच मुस्लिम घरांतले होते. सकाळी डबा भरून दिलेल्या आयांना संध्याकाळी ही खबर मिळाली. ही मुले शिकलेली होती, शहाणी होती. समुद्र मात्र त्यांच्या ओळखीचा नव्हता.

आपल्या मुलांचीही तीच स्थिती आहे. विहिरीत किंवा माजलगावच्या बॅकवॉटरमध्ये हात मारणारा मुलगा स्वतःला पट्टीचा पोहणारा समजतो. विहिरीचे पाणी एका जागी उभे असते. समुद्राचे पाणी चालते असते. परतणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते आणि ओहोटीचे पाणी माणसाला हळूहळू आत ओढते. लाटा फुटत नाहीत अशी शांत दिसणारी पट्टी अनेकदा सर्वांत धोक्याची असते, कारण किनाऱ्यावर आलेले पाणी तिथूनच परत आत जात असते.

म्हणून अमीर घरूनच निवडा. वयाने मोठा असण्यापेक्षा 'नाही' म्हणता येणारा असावा. स्त्रियांमधूनही एकीला जबाबदारी द्या. लहान मुलांवर खरे लक्ष त्यांचेच असते. निघण्याआधी सर्वांसमोर तीन गोष्टी ठरवून घ्या. एक, अमीरने होडीत बसायचे नाही म्हटले तर वाद नाही, पैसे गेले तरी चालतील. दोन, समुद्रात कोणीही आंघोळीला उतरणार नाही. पाय ओले करायचे तर घोट्यापर्यंत, तेही मोठ्या माणसाचा हात धरून. तीन, गाडीत, होडीत, किल्ल्यावर, प्रत्येक ठिकाणी चढताना आणि उतरताना माणसे मोजायची.

तरीही कोणी पाण्यात ओढला गेलाच तर काय करायचे, हेही घरीच शिकवा. ओढल्या गेलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, त्यात दम संपतो. अंग सैल सोडून तरंगत राहावे, हात वर करावा आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर सरकावे. काठावरच्यांनी त्याच्यामागे उड्या मारू नयेत. आपल्याकडे विहिरीत एकाला वाचवायला गेलेले दोघे बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. दोरी, रिकामी बंद बाटली किंवा कॅन, गाठ मारलेल्या ओढण्या, जे तरंगेल किंवा पोहोचेल ते फेकावे आणि कोळी बांधवांना हाक मारावी. मदतीसाठी ११२ आणि समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावा.

होडीत बसताना

राजपुरीच्या धक्क्यावरून किल्ल्यावर शिडाच्या होड्या जातात. वारा असेल तसा वेळ लागतो, पण अंतर थोडे आहे. बसण्याआधी चार गोष्टी पाहा.

लाइफ जॅकेट प्रत्येकासाठी आहे का, मुलांच्या मापाचे आहे का आणि त्याचे पट्टे लागतात का? नसेल तर त्या होडीत बसू नका, दुसरी येऊ द्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. त्या वेळी अनेक प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हते. जॅकेट बाजूला ठेवलेले असून उपयोग नाही, ते अंगात असावे लागते.

बुरखा किंवा अबाया घातलेल्या भगिनींनी जॅकेट वरून घालावे आणि पट्टे घट्ट ओढावेत. आत घातलेले जॅकेट वेळेला काढताही येत नाही आणि दिसतही नाही. अबायाचा घेर चढता-उतरताना हलत्या होडीत पायात येतो, तो एका हाताने आवरावा. सपाट, मागून पट्टा असलेल्या चपला घालाव्यात. होडी पायऱ्यांना लागली की खलाशी सर्वांना हात देऊन उतरवतात. ज्यांना परक्याचा हात धरणे नको वाटते त्यांनी घरातल्या पुरुषाला आधी उतरू द्यावे. तो खाली उभा राहून आई-बहिणींना हात देईल. खलाशाला आधी सांगितले तर तो समजून घेतो. तान्हे मूल कडेवर घेऊन उडी मारू नये, आधी आईने उतरावे, मग मूल हाती द्यावे.

होडीत उभे राहू नये, सर्वांनी एकाच बाजूला झुकू नये, शीड फिरवताना डोके खाली ठेवावे. होडी भरलेली वाटली तर उतरायला लाजू नये. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. जॅकेटचा पट्टा म्हणजे त्या उंटाची दोरीच समजा.

मळमळ होणाऱ्यांनी हलका नाश्ता करावा, अगदी रिकाम्या पोटीही बसू नये. नजर पाण्याकडे न ठेवता दूर किल्ल्याच्या तटावर ठेवली की बरे वाटते. हृदयाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी आधी डॉक्टरांना विचारावे. होडी निघताना नूह अलैहिस्सलाम यांनी नावेत बसताना केलेली, सूरह हूदमध्ये आलेली दुआ मुलांकडून म्हणवून घ्या. नावेचे चालणे आणि थांबणे अल्लाहच्याच नावाने आहे, हा तिचा आशय होडी हलू लागली की मुलांना आपोआप समजतो.

पाऊण तासात काय पाहाल

होडीवाले किल्ल्यावर साधारण पाऊण तास देतात. जास्त वेळ हवा असेल तर तो बसण्याआधीच बोलून घ्या, उतरल्यावर नाही.

किल्ल्याचा मुख्य दरवाजा राजपुरीच्या बाजूला आहे, पण दोन बुरुजांच्या आड असा लपवला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. मुलांना "दरवाजा कुठे आहे शोधा" असे सांगा, प्रवास छान जातो. दरवाजाजवळ पंजात, तोंडात आणि शेपटीत हत्ती पकडलेल्या वाघासारख्या प्राण्याचे शिल्प आहे. आत गेल्यावर आधी तटावरच्या तोफा पाहा. 'कलालबांगडी' ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. मग मधल्या भागात चढा. वाटेत सुरूलखानाच्या वाड्याचे अवशेष, पडक्या इमारती आणि मशीद दिसते. वरून चारी बाजूंचा समुद्र आणि दूरवर पद्मदुर्ग दिसतो. पश्चिमेला संकटाच्या वेळी निसटण्यासाठी ठेवलेला दर्या दरवाजा आहे.

मात्र बीडच्या माणसाने सर्वांत जास्त वेळ थांबावे ते गोड्या पाण्याच्या तलावांपाशी. चहूकडे खारे पाणी आणि मधोमध दगडात बांधलेले दोन मोठे गोडे तलाव. तोफांनी किल्ला राखला हे खरे, पण वेढ्यात माणसे जिवंत राहिली ती या पाण्यामुळे. आपली खजाना बावडी आणि हे तलाव एकाच समजुतीतून आले आहेत: जिथे माणसे ठेवायची तिथे आधी पाण्याची सोय करायची. टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांना हा धडा पुस्तकापेक्षा इथे लवकर कळेल. तलावांचे पाणी आता हिरवट झाले आहे, ते पिऊ नये. कठड्यावर मुलांना बसू देऊ नये.

किल्ल्यात प्यायच्या पाण्याचा आणि स्वच्छतागृहाचा भरवसा धरू नका. माणशी एक लिटर पाणी सोबत न्या, धक्क्यावर येण्याआधीच मुलांना मोकळे करून आणा. रिकाम्या बाटल्या परत आणा. भिंतींवर नावे कोरणे, तोफांवर चढणे, कबरींवर बसून फोटो काढणे आपल्या घरातल्या कोणाकडूनही होता कामा नये. वारसा आपला आहे म्हणायचे आणि घाण आपणच करायची, हे शोभत नाही.

परतल्यावर राजपुरीजवळच्या खोकरीचे दगडी घुमट जरूर पाहा. तिथे सिद्दी घराण्यातल्यांच्या कबरी आहेत. निवांत जागा आहे, फातिहा पढून मुलांना थोडे शांत बसवता येते. मुरूडमधला नवाबांचा राजवाडा खासगी आहे, तो रस्त्यावरूनच पाहावा.

नमाज आणि जेवण

सकाळी आठच्या सुमारास धक्क्यावर पोहोचलात तर जोहरच्या बऱ्याच आधी परत येता. होडीत किंवा किल्ल्यावर कोणत्याही फर्ज नमाजची वेळ होत नाही. सकाळची होडी निवडण्याचे हेही एक कारण.

बीडहून मुरूड हा प्रवास कसरच्या अंतराहून, म्हणजे सुमारे ७८ किलोमीटरहून, खूपच लांब आहे. हनफी मसलकाप्रमाणे पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असल्याने चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन पढायच्या. स्थानिक इमामामागे पढलात तर पूर्ण चार. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. कोकणातले आपले बांधव बहुतांशी शाफई आहेत. तिथे असरची अजान आपल्याकडच्यापेक्षा पाऊण-एक तास आधी होते, फजरमध्ये इमाम कुनूत पढतात, रुकूला जाताना हात उचलले जातात. मुलांनी किंवा वडीलधाऱ्यांनी याचे आश्चर्य मशिदीत बोलून दाखवू नये. असर केव्हा पढावी हे निघण्याआधी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे.

वुजूसाठी पाणी कमी पडले तर समुद्राचे पाणी चालते का, हा प्रश्न साहाबांच्या काळीही विचारला गेला होता. ते पाणी पाक आहे, असे पैगंबर (स.) यांनी सांगितले. आणि एक गोष्ट तिथे गेल्यावर मनाला भिडते. मुरूडच्या किनाऱ्यावर किबल्याकडे तोंड केले की समोर समुद्र असतो. मगरिबला जानमाज अंथरून उभे राहिलात की सूर्य बुडालेला असतो, पाण्यावर लाली असते आणि त्याच दिशेला पलीकडे अरबस्तान असते. जुन्या काळी हाजींची जहाजे याच पाण्यातून जात. दादीला हे सांगा आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहा.

जेवणात मासे आणि तांदळाची भाकरी आवर्जून खा. हलाल जेवणाची अडचण येत नाही, पण मोठा गट असेल तर आदल्या रात्री सांगून ठेवा. होडीच्या सकाळसाठी घरून नेलेले पराठे, उकडलेली अंडी, खजूर आणि चिवडा पुरेसा होतो.

निघण्याआधी

एका कागदावर सर्वांची नावे, वय, आजार आणि औषधे लिहा. एक प्रत अमीरकडे, एक गाडीत, एक बीडमध्ये घरी. लहान मुलांच्या खिशात पालकांचा मोबाइल क्रमांक ठेवा. मोबाइल पाणी जाणार नाही अशा पिशवीत ठेवा. घरी राहणाऱ्या एकाला रोज संध्याकाळी सगळे सुखरूप असल्याचा फोन करायचा, हेही ठरवा.

बाकी हवा, लाटा आणि वारा अल्लाहतआलाच्या हाती आहे. कधी कधी चारशे किलोमीटर जाऊनही बावटा लागलेला असतो आणि होडी निघत नाही. तसे झाले तर किनाऱ्यावर बसा, समोरचा किल्ला दुरून पाहा, मुलांना मलिक अंबरची गोष्ट सांगा आणि परत या. सहल वाया गेली असे मानू नका. बीडहून जितकी माणसे निघाली तितकी बीडला परतली की सहल यशस्वी झाली. अल्लाह आपणा सर्वांचा प्रवास सुखाचा करो. आमीन.